काडी

दर दुसऱ्या मंगळवारी मी डोंगर चढते
बारा प्लास्टिकचे पेले तपासायला.
डेव्हिस गाव खाली राहतं. एक पेट्रोल पंप, दोन चर्च,
आणि हा उतार ज्यांच्या मालकीचा
त्या व्हर्ना टीटरबाईंचं निळ्या पत्र्याचं घर.

पेले गळ्यापर्यंत पुरलेले.
काठ मातीशी इतका सपाट
की रात्री चालणाऱ्याला कळू नये
रान कुठे संपतं, अभ्यास कुठे सुरू होतो.
तळाशी दोन बोटं औषध. गोडसर वास.

सकाळी चाळणीत ओतते.
काळे भुंगेरे, उजेडात धरले की जांभळे.
त्यातल्या एका जातीचं डोकं निमुळतं, लांब,
बरणीच्या तळातलं लोणचं काढायच्या चमच्यासारखं.
शंखात शेवटच्या वळणापर्यंत पोचतं.
गोगलगाय नि पोटात पाय, आपण म्हणतो.
याला ते पोट आतून माहीत आहे.

याला उडता येत नाही.
पाठीवरची दोन झाकणं केव्हाच सांधली गेली,
आता ती उघडून पाहायची गरज कुणालाच नाही.

शंभर वर्षांपूर्वी इथला स्प्रूस सगळा कापला,
मग आगी लागल्या, माती खडकापर्यंत जळाली.
(व्हर्नाबाईंचे आजोबा करवतीच्या एका टोकाला होते.
दुसऱ्या टोकाला कोण, त्यांना आठवत नाही.)
करवत पोचली नाही अशा एका घळीत
थोडे भुंगेरे उरले
आणि तिथून निघाले, पायी,
शेवाळ जसजसं परतलं तसतसे,
या ओंडक्याखालून त्या ओंडक्याखाली.
अजून वाटेतच आहेत.

रात्रपाळी त्यांची. कोवळ्या रोपाला लागलेली अळी,
पाचोळ्यातली अंडी, मेलेलं गांडूळ,
जे सापडेल ते आवरायचं,
आणि पहाटे एखाद्या चिचुंद्रीच्या तोंडी जायचं.
बलुतं नाही, हजेरीपट नाही.
हजेरीपट माझ्याकडे.

जूनमध्ये व्हर्नाबाईंनी विचारलं,
"मोजायला किती मारावे लागतात?"
मी म्हणाले, थोडेच.
"थोडेच," त्या म्हणाल्या. "डेलबर्ट खाणीत गेला
तेव्हा कंपनीनंही हाच शब्द वापरला होता."

मी विषय बदलला. सांगितलं,
त्या चमच्यासारख्या डोक्याच्या भुंगेऱ्याचं लॅटिन नाव विडुअस,
म्हणजे जोडीदार गेलेला,
माझ्या भाषेतल्या 'विधवा'चा लांबचा भाऊ.
त्या बराच वेळ हसल्या.
"मग त्याच्याकडून भाडं नको घ्यायला."

मी हेही सांगितलं, की वरून रस्ता जाणार आहे,
आणि हा उतार जिवंत आहे
हे कागदावर दाखवायला आकडे लागतात.
त्यांनी मान हलवली. पटल्याची होती की मानेच्या दुखण्याची,
कळलं नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी
प्रत्येक पेल्यात एक काडी उभी.
बर्चची, मापानं तोडलेली, काठाला टेकवलेली.
साल मुद्दाम ठेवलेली,
पायांना पकड मिळावी म्हणून.
गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई
एवढ्या उतारावर बारा वेळा वाकली होती.

पेल्यांत एक माशी, स्प्रूसच्या सुया. बाकी औषध.
मी तक्त्यात लिहीत गेले: शून्य, शून्य, शून्य.
काड्या काढल्या. सगळ्या.
अहवाल महिनाअखेरीला द्यायचा होता.

सातव्या काडीवर ओली रेघ होती,
औषधाची, तळापासून टोकापर्यंत,
मध्ये एका गाठीपाशी थांबून पुढे गेलेली.
टोकावर काही नव्हतं. पलीकडे शेवाळ.

सातव्या पेल्यासमोर मी लिहिलं: एक.

खाली उतरले तेव्हा व्हर्नाबाई ओसरीवर होत्या.
माझ्या जॅकेटच्या खिशातून काड्या बाहेर आलेल्या
त्यांनी पाहिल्या.
"कॉफी घेशील?" एवढंच म्हणाल्या,
आणि आत जाताना खांबाला धरून
एकेक पायरी चढल्या.